गावात लिहायला जागा कशी शोधावी : विदर्भातलं घर, वावर आणि वर्षभराच्या वेळा

विदर्भातल्या गावात शांतता मिळत नाही असं नाही. मे महिन्यात दुपारी दोनला गल्लीत कुत्रंही दिसत नाही. लिहिणाऱ्याची खरी अडचण दाराची आहे. गावात दिवसा दार लोटून बसायची रीत नाही. लोटलंच, तर घरात कोणाला बरं नाही का हे पाहायला शेजारून कोणीतरी येतंच. त्यात ४५ अंशांच्या वर जाणारं ऊन, तापलेलं छताचं टिन, अवेळी जाणारी विजेची लाइन आणि हंगामात कापसानं भरलेली खोली. कथा, कविता, कादंबरी, नाटक, काहीही लिहायचं असो, या सगळ्यातून रोज दीड-दोन तास सलग कसे मिळवायचे ते इथे सांगितलं आहे.

क्रम असा ठेवावा: आधी वेळ, मग जागा, आणि टेबल-खुर्ची सर्वांत शेवटी. बहुतेक जण उलट करतात. खोली रिकामी करतात, रंग देतात, टेबल आणतात आणि महिनाभरात त्या टेबलावर तुरीचं पोतं येऊन बसतं. सकाळी सहाची ओसरी आणि दुपारी चारची ओसरी या दोन वेगळ्या जागा असतात. त्यातली कोणती आपल्याला हवी हे कळल्याशिवाय एक खिळाही ठोकू नये.

पहिली पायरी : सात दिवसांची नोंद

एक साधी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: वेळ, ऊन-उजेड, आवाज, माणसं. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत, जेव्हा घरी असाल तेव्हा, दर तासाला दोन-चार शब्द टिपा. "५.१५ देवळाचा भोंगा. ६.०० नळ, अंगणात तीन बाया. ७.३० दूध घालायला जाणं. ९.३० मजूर वावरात, गल्ली रिकामी. १.०० जेवणं. ४.०० पोरं शाळेतून. ७.०० सामुदायिक प्रार्थना, मग टीव्ही." एवढं पुरतं. सात दिवस यासाठी की आठवडी बाजार, नळाच्या पाळ्या, रविवार आणि शेतीपंपाच्या विजेचं चक्र त्यात सापडतं. ज्या आठवड्यात थ्री-फेज रात्री येते, त्या आठवड्यात ओलित करणारं घर रात्रभर जागं असतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झोपतं. तुमचं घर तसं असेल, तर लिहायची वेळही पाळीप्रमाणे बदलावी लागेल. ते आधीच माहीत असलेलं बरं.

नोंद वाचताना शांत तास शोधू नका. ज्या तासात तुमच्याकडे कोणाचं काम नसतं, तो तास शोधा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संध्याकाळी सहाला घर शांत असू शकतं, पण तेव्हाच दूध काढायचं असतं, तेव्हाच दुकानातून काहीतरी आणायचं असतं. उलट सकाळी दहाला गल्लीतून ट्रॅक्टर जात असतो, पण तुम्हाला हाक मारणारं कोणी नसतं. लिहायला दहाचा तास चांगला.

विदर्भातल्या गावांत साधारण चार वेळा हाती लागतात. पहाटे साडेचार ते सहा ही वेळ उन्हाळ्यात सर्वांत चांगली, कारण रात्रभर निवलेल्या भिंती सूर्य उगवायच्या आधी सर्वांत थंड असतात. सकाळी साडेनऊ ते साडेबारा ही वेळ हिवाळ्यात आणि पावसाळ्यात, जो वावरात जात नाही त्याच्यासाठी. दुपारी दीड ते साडेतीन ही वेळ घर सांभाळणाऱ्या बाईला भांडी आटोपल्यावर मिळते. ती तिनं झोपेला किंवा निवडण-टिपणाला देऊन टाकू नये. रात्री नऊनंतरची वेळ मात्र घराच्या छतावर ठरते. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता संध्याकाळनंतर खोलीत उतरते, म्हणून एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली रात्री अकरापर्यंत डोकं चालत नाही. टिन लवकर तापतं तसं लवकर निवतंही. टिनाच्या खोलीत रात्री नऊला बसता येतं, दुपारी बाराला नाही. कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, किंवा धाब्याच्या जुन्या मातीच्या घराला यातलं बरंच काही लागू होत नाही. असं घर उभं असेल तर लिहायला तेच निवडा.

दुसरी पायरी : हंगामाशी भांडू नका

रोजची वेळ ठरली तरी वर्षाची ठरवावी लागते. जूनमध्ये मृग लागला की पेरणी. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत जुलै-ऑगस्टमध्ये धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. नोव्हेंबरपासून कापूस वेचणी, मग तूर, मग हरभरा-गहू. एप्रिल-मेमध्ये लग्नं. यातल्या प्रत्येक कामात तुमचा हात नसेलही, पण घरातल्या खोल्या, माणसं आणि आवाज त्यात अडकलेले असतात.

नवं लिखाण सुरू करायला फेब्रुवारी-मार्च चांगला. कोरडवाहू भागात काम हलकं झालेलं असतं आणि ऊन अजून सोसण्यासारखं असतं. पहिला खर्डा त्यात काढा. दुरुस्ती आणि पुनर्लेखन जुलै-ऑगस्टच्या झडीत करा. चार-चार दिवस झड लागते, वावरात पाय टाकता येत नाही आणि घराबाहेर कोणी पडत नाही. दुरुस्तीला जे तुकड्या-तुकड्यांनी बसणं लागतं, ते या दिवसांत आपोआप जमतं. ऑक्टोबरात नवीन काही सुरू करू नये. त्या महिन्यात अर्धवट सोडलेली कथा दिवाळीनंतर परत उघडताना अनोळखी वाटते.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्वेकडच्या धानाच्या जिल्ह्यांत, राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. दिवाळीनंतर तिथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे नाटक मंडळ्यांचं केंद्र. नाटक रात्रभर चालतं आणि गावच्या गाव जागं असतं. त्या रात्रींत लिहायचा हट्ट धरू नका. नाटक लिहिणाऱ्यानं तर नाटकाला जावं, खिशात लहान वही ठेवावी, कोणत्या वाक्याला प्रेक्षक हलले ते टिपावं आणि दुसऱ्या दिवशी उशिरा बसावं.

तिसरी पायरी : तीन जागांची परीक्षा

वेळ ठरल्यावर घरात आणि घराजवळ तीन जागा निवडा. प्रत्येक जागी दोन दिवस, त्याच वेळेला, ४० मिनिटं बसा आणि सारख्याच प्रकारचं काम करा. एका जागी पत्र आणि दुसऱ्या जागी कविता असं केलं तर तुलना होत नाही. उठताना तीन आकडे लिहा: किती ओळी झाल्या, किती वेळा उठावं लागलं, किती वेळा कोणी बोललं. ओळींच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका, तो मनःस्थितीप्रमाणे बदलतो. उठण्याचा आकडा खरं बोलतो. ४० मिनिटांत तीनपेक्षा जास्त वेळा उठावं लागलं तर जागा सोडा, ती कितीही सुंदर असो.

कोणत्या जागा पाहाव्यात?

ओसरी किंवा सपरी हिवाळ्यात छान, पण रस्त्यावरून दिसते. बसायचंच असेल तर रस्त्याकडे पाठ करून नव्हे, कड करून बसा. पाठ केली की लोक हाक मारतात, तोंड केलं की थांबतात; कडेनं बसलेला माणूस कामात दिसतो.

धान्याची खोली अनेकांना आवडते. जाड भिंती, लहान खिडकी, पोत्यांमुळे आवाज दबलेला. पण बसायच्या आधी तिथे काय काय ठेवलं आहे ते पाहा. फवारणीच्या औषधांचे डबे असतील तर ते घराबाहेरच्या कुलूपबंद जागी न्या. झाकण घट्ट असलं तरी त्या वासात रोज दोन तास बसणं घातक आहे. धान्यात किडीसाठी गोळ्या टाकल्या असतील तर त्या खोलीत बसायचंही नाही आणि झोपायचंही नाही. त्या गोळ्यांतून निघणारा वायू जीवघेणा असतो. यवतमाळात २०१७ साली फवारणीतल्या विषबाधेनं माणसं गेली, ती आठवण जिल्ह्यात ताजी आहे. घरात साठवलेल्या औषधांकडेही त्याच गांभीर्यानं पाहावं.

भाव येईपर्यंत कापूस भरून ठेवलेली खोली ही विदर्भातली सर्वांत निःशब्द खोली. आवाज कापसात विरून जातो. तरीही ती नको. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, आणि दिवा, मच्छर अगरबत्ती किंवा सैल वायर यांतलं काहीही तिथे आग लावू शकतं.

कोठ्याच्या कडेला, जनावरं चरायला गेल्यावर, सकाळी दहा ते चार जागा रिकामी असते. शेणाच्या वासाची सवय असेल तर वाईट नाही, मात्र पावसाळ्यात गोमाशा आणि डास बसू देत नाहीत. माळा किंवा माडी फक्त हिवाळ्यात. गच्चीवर मेच्या पहाटे बसता येतं, पण सहा वाजता ऊन डोळ्यावर येतं. तेव्हा पश्चिमेकडे तोंड करून बसा.

वावरातल्या झाडाखाली बसायची कल्पना मोहक असते, म्हणून झाड नीट निवडावं. साग फेब्रुवारी-मार्चपर्यंत पानं गाळतो आणि पावसाळा येईपर्यंत बोडका राहतो. पळसाला फुलं येतात तेव्हा सावली नसते. निंब थोडे दिवस झडतो, पण एप्रिलमध्ये पुन्हा भरतो. उन्हाळ्यात बसायला निंब आणि आंबा ही दोन भरवशाची झाडं. बाभळीखाली काटे, चिंचेखाली चिगूर आणि पोरं. मोहाखाली मार्च-एप्रिलमध्ये अजिबात नको. पहाटे बाया फुलं वेचायला येतात आणि जंगलपट्टीत अस्वलंही येतात.

हे आणखी स्पष्ट सांगायला हवं. चंद्रपूर, गडचिरोली आणि ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातल्या, गावांत पहाटे आणि सांजेला वावरात, नाल्याकाठी किंवा झुडपांजवळ एकट्यानं बसून लिहू नये. खाली बसलेला, वाकलेला, कशात तरी गढलेला माणूस वाघाच्या वाटेत सर्वांत असुरक्षित असतो. जंगलालगतच्या गावात लेखनाची जागा गावाच्या आत असावी.

सार्वजनिक जागांत वाचनालय आणि शाळा या दोनच कामाच्या. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं बऱ्याच मोठ्या गावांत आहेत. लहान वाचनालय दिवसाचे थोडेच तास उघडतं आणि त्यातही पहिला तास वर्तमानपत्र वाचणाऱ्यांचा असतो. ग्रंथपालाला दुसरा तास मागा आणि कोपऱ्यातली जागा ठरवून घ्या. तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका असतात. तिथे बोलायची बंदी असल्यामुळे लिहिणं चांगलं होतं, फक्त संवाद मोठ्यानं म्हणून पाहता येत नाहीत. शाळेची खोली मुख्याध्यापकांच्या परवानगीनं सुट्टीत मिळू शकते. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे सुट्टी मोठी, पण छत तापलेलं. सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ खरा. देवळाचा सभामंडप दुपारी थंड असतो. तिथे टिपणं होतात, लांबलचक लिखाण होत नाही, कारण देवळात बसलेल्या माणसाशी बोलायचा हक्क सगळ्यांना असतो.

चौथी पायरी : ऊन आणि छत

खिडकीची दिशा पाहा. आपल्या अक्षांशावर मेच्या शेवटी दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून उन्हाळ्यात भिंतीपेक्षा छत जास्त तापतं आणि भिंतींपैकी पश्चिमेची सर्वांत वाईट. उत्तरेची खिडकी लिहायला उत्तम: उजेड सारखा, कागदावर थेट ऊन नाही. दक्षिणेची खिडकी किंवा ओसरी डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा. तेव्हा सूर्य दुपारीही कलता असतो आणि ऊन आत येऊन पायावर पडतं. पहाटे पारा १० अंशांच्या खाली गेलेला असताना त्या उबेचं मोल कळतं.

टिनाच्या खोलीसाठी सर्वांत स्वस्त उपाय हिरव्या शेडनेटचा. ७५ टक्के सावलीची नेट टिनाच्या वर किमान एक फूट अंतर ठेवून ताणा. बांबूच्या कैच्या करून त्यावर बांधली तरी चालते. अंतर महत्त्वाचं आहे. नेट थेट टिनावर टाकली तर मधून हवा वाहत नाही, नेट स्वतः तापते आणि फायदा निम्मा जातो. वादळाआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात ती काढून ठेवा. आतून बांबूचे तट्टे टिनाच्या खाली फूटभर सोडून लावले की उष्णता आणि पावसाचा कडकडाट दोन्ही कमी होतात. तुराट्या किंवा तणस छतावर पसरायची जुनी पद्धत थंडावा देते, पण ठिणगीची भीती असते, उंदीर होतात आणि पावसात कुजतं. स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या: चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, चिकटपणासाठी त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालायचा, आणि ऊन उतरल्यावर लावायचा. भर उन्हात लावलेला चुना लगेच वाळून पावडर होऊन उडतो.

कूलर लावताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवाच. बंद खोलीत दमट हवा कोंडते, घाम सुकत नाही आणि अर्ध्या तासात झोप येते. मग माणूस स्वतःला आळशी समजतो. कूलरचा झोत कागदावर नको, पाठीवरही नको, बाजूनं यावा. पाणी कमी असलेल्या गावात दुपारभर कूलर चालवणं शक्य नसतं. तिथे पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा जाड बारदाना लावून त्यावर दर तासाला तांब्याभर पाणी शिंपडा. पावसाळा सुरू झाला की यातलं काहीच चालत नाही, कारण हवाच ओली असते. तेव्हा फक्त पंखा.

पाचवी पायरी : बैठक आणि उजेड

टेबलाची उंची २८ ते ३० इंच असते, पण आकडा पाठ करण्यापेक्षा बसण्याची पाटी आणि टेबलाचा पृष्ठभाग यांतलं अंतर मोजा. ते ११ इंचांच्या आसपास असावं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उंच टेबलावर लिहिलं की खांदे वर चढतात आणि तासाभरात मान धरते. खुर्चीवर घडी घालून सतरंजी टाकली की फरक मिटतो.

खाली मांडी घालून लिहायची सवय असेल तर ती मोडू नका. सुताराकडून २४ बाय १८ इंचांची उतरती फळी करून घ्या: पुढची कड ९ इंच, मागची १२ इंच, आणि पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी, म्हणजे वही घसरत नाही. सेवाग्रामला बापू कुटी पाहिली असेल तर मातीच्या भिंती, कवेलूचं छत, खाली चटई आणि बुटकं मेज एवढ्यात लिखाणाचं केवढं काम होऊ शकतं ते दिसतं. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. वर्ध्याच्या उन्हात ती मांडणी आजही शिकण्यासारखी आहे. बाजेवर बसून लिहायचं असेल तर मधे पाठ बुडते, म्हणून बसायच्या जागी फळी टाका. पावसाळ्याच्या रात्री मात्र कुडाच्या किंवा भेगा पडलेल्या भिंतीला टेकून जमिनीवर बसू नका. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि घरात शिरतो. त्या दिवसांत बाज किंवा खुर्ची, आणि हाताशी टॉर्च.

उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डाव्या बाजूनं हवा. पाच-सात वॅटचा एलईडी दिवा वहीपासून दीड फूट वर पुरतो. दिवा पिवळसर घ्या. पांढऱ्या प्रकाशावर किडे जास्त येतात. पहिल्या पावसानंतर पंखवाल्या उधईचा लोंढा येतो, तेव्हा अंगणात पांढरा बल्ब लावून त्याखाली पाण्याची परात ठेवा आणि खोलीत पिवळा दिवा. बहुतेक पाखरं बाहेर अडकतात. लाइन गेल्यावर पेटता राहणारा चार्जिंगचा बल्ब नवा असताना तीन-चार तास चालतो, दोन वर्षांनी तासभर. तो कमी पडायला लागला की बदला. अंधार होईपर्यंत किती वेळ उरला याचा अंदाज घेत बसणारा माणूस लिहू शकत नाही.

सहावी पायरी : आवाज

सगळे आवाज सारखे त्रास देत नाहीत. गिरणी, कूलर, फवारणीपंप, मळणी यंत्र, पाऊस हे सलग आवाज दहा मिनिटांत कानाआड होतात. ज्या आवाजात शब्द कळतात तो बसू देत नाही. भिंतीपलीकडच्या मालिकेतले संवाद हळू असले तरी तुमच्या पात्रांच्या तोंडात शिरतात. म्हणून टेबल शेजाऱ्याच्या टीव्हीच्या सामाईक भिंतीपासून हलवा; जमत नसेल तर त्या भिंतीला गव्हा-ज्वारीची पोती छातीपर्यंत रचा. दारावर जुनी गोधडी टांगा आणि दाराखालची फट चिंधीच्या गुंडाळीनं बंद करा. आवाज भिंतीतून जितका येतो त्यापेक्षा फटीतून जास्त येतो.

भोंग्याचं काय करायचं? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, ठरावीक सणांच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत सूट मिळू शकते. गावात तक्रारीपेक्षा विनंती चालते. देवस्थानच्या मंडळाला भेटून कर्ण्याचं तोंड तुमच्या घरावरून हलवून चौकाकडे करायला सांगा. कर्ण्याचा आवाज समोर सरळ जातो. तोंड फिरवलं की बराच कमी होतो. भागवत सप्ताह कधी आहे तेही विचारून घ्या. ते सात दिवस लिखाणाला सुट्टी द्या आणि वाचनाला लावा.

सातवी पायरी : माणसं

बाकी सगळं जमलं आणि हे जमलं नाही, तर जागा टिकत नाही. गावात बसून विचार करणारा माणूस रिकामा समजला जातो. "काय करून राह्यले भाऊ?" या प्रश्नाला "काही नाही, बसलो" असं उत्तर दिलं की पुढचा अर्धा तास गेला. "लेखी काम सुरू आहे, साडेअकराला मोकळा होतो" असं सांगा. लेखी कामाला गावात मान आहे. हिशेब, अर्ज, वही-खातं सगळ्यांना समजतं. आणि साडेअकराला खरंच मोकळे व्हा, चहा ठेवा, त्या माणसाला हाक मारा. दोन-तीन आठवडे शब्द पाळला की लोक स्वतःच एकमेकांना सांगतात, "आत्ता नको, त्याचं लिहिणं सुरू आहे."

दार लावण्यापेक्षा खूण बरी. दाराच्या कडीला ठरलेला एक दुपट्टा अडकवा. तो असेपर्यंत हाक मारायची नाही, हे घरातल्या पोरांना आधी शिकवा. पोरं नियम सगळ्यांत लवकर पाळतात आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावतात. म्हाताऱ्या माणसांना मात्र खुणेपेक्षा आधी विचारलेलं आवडतं. सकाळीच जाऊन म्हणा, "आजी, दहा ते बारा मी लिहायला बसतो, काही लागलं तर आत्ताच सांग." औषध, पाणी, काठी हाताशी देऊन ठेवा. निम्म्या हाका त्यानेच वाचतात.

सुनेला किंवा घर एकटीनं सांभाळणाऱ्या बाईला हे एवढं सोपं नसतं. तिचं बसणंच घराला दिसतं. तिच्यासाठी एका जागेपेक्षा एक पेटी जास्त उपयोगी: कुलूप असलेली लहान पत्र्याची पेटी, त्यात वही, पेन आणि चष्मा. जिथे दीड तास मिळेल तिथे पेटी उघडली की जागा तयार. सुरुवातीला आठवड्याचे तीनच दिवस मागावेत, पण ते ठरलेले वार असावेत. रोज मागितलेला तास रोज नाकारता येतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार दुपारचा तास हळूहळू घराच्या कामांत मोजला जातो. घरात एक जरी माणूस बाजूनं असेल, नणंद, सासरे, मोठा मुलगा, तर पहिलं लिखाण त्याला वाचून दाखवावं. त्यानंतर ती वेळ राखायला तिच्यासोबत आणखी एक जण असतो.

फोन दुसऱ्या खोलीत. मराठी टायपिंग फोनवरच करत असाल तर डेटा बंद करून बसा. बऱ्याच गावांत नेटवर्क गच्चीवर किंवा धुऱ्यावरच मिळतं, ते या कामी बरंच आहे.

आठवी पायरी : कागद सांभाळणं

सुटी पानं पंख्यानं उडतात, म्हणून शिवलेलं लांब रजिस्टर वापरा. उन्हाळ्यात कोपराखाली सुती रुमाल ठेवा, नाही तर घामानं कागद ओला होऊन शाई पसरते. जेल पेनाची शाई पाण्यात विरघळते. पावसाळ्यात साधा बॉलपेन किंवा पेन्सिल. हस्तलिखितं मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, उधई भिंतीतून येते. पत्र्याची पेटी चार विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब, आत वाळलेला निंबाचा पाला, आणि महिन्यातून एकदा उघडून झटकणं. पाला ओला असेल तर बुरशी लागते. लिहून झालं की त्या दिवसाच्या पानांचे फोटो काढा आणि नेटवर्क मिळेल तेव्हा स्वतःच्याच ईमेलवर पाठवा. गळक्या छताखाली राहणाऱ्या लेखकाचा एवढाच विमा.

गावाबाहेर कधी जावं

डोंगर, नदी, धबधबा इथे पहिला खर्डा होत नाही, तिथे माणूस पाहत बसतो. अशा जागी टिपणं घ्यायला किंवा पूर्ण झालेलं लिखाण एका बैठकीत वाचायला जावं. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, खालच्या परतवाड्यापेक्षा हवा बरीच गार; पण पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, गर्दीत खोलीही मिळत नाही आणि शांतताही. वर्ध्याजवळ धाम नदीकाठचं पवनार एका दिवसाच्या वाचनाला पुरेसं. कान भरायला मात्र लांब जायला नको. आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगाजवळ अर्धा तास किंवा लाल बसच्या मागच्या सीटवर एक तालुक्याची फेरी केली की वऱ्हाडी बोलीतली दहा अस्सल वाक्यं मिळतात. ती त्याच रात्री वहीत उतरवा. सकाळपर्यंत शब्दांचा क्रम बदलतो आणि बोली प्रमाण होऊन जाते.

तीन आठवड्यांनंतरही जागा जमत नसेल तर सगळं एकदम बदलू नका. आधी वेळ अर्ध्या तासानं मागे-पुढे करा आणि आठवडाभर पाहा. मग टेबल दुसऱ्या भिंतीला लावा. मग जागा बदला. मृग लागला की नोंदीची वही पुन्हा काढून सात दिवस लिहा, कारण पेरणीनंतर गावाचे तास बदललेले असतात.